प्राणहितेच्या घाटावरील जुन्या लाकडी नावेचे वय आणि इतिहास कसा शोधावा?

प्रश्न : प्राणहिताकाठ

नमस्कार. आमचे गाव अहेरी तालुक्यात प्राणहितेच्या डाव्या काठावर आहे आणि समोरच्या काठावर तेलंगणा सुरू होतो. वांगेपल्लीला पूल झाल्यापासून पलीकडे जाणारी बहुतेक माणसे मोटारसायकलने किंवा काळीपिवळीने जातात, त्यामुळे आमच्या घाटावरची उतारूंची नाव बंद पडली. आता तिथे मासेमारीचे दोन डोंगे असतात आणि फायबरची एक लहान होडी असते. मात्र घाटाच्या वरच्या अंगाला, चिंचेखाली, एक जुनी लाकडी नाव पालथी पडलेली आहे. हा प्रश्न तिच्याविषयी आहे.

नाव सुमारे बावीस हात लांब आणि मधोमध साडेचार हात रुंद असून तळ जवळजवळ सपाट आहे. बहुतेक फळ्या सागाच्या आहेत, पण डाव्या अंगाच्या काही फळ्या तांबूस आणि वजनाने जड आहेत. गावातले वाढई (सुतार) त्या बिजा या झाडाच्या असल्याचे सांगतात. तळाच्या फळ्यांना चौकोनी अंगाचे, ठोकून चपटे केलेल्या डोक्याचे खिळे आहेत. वरच्या दोन फळ्यांना मात्र बाजारात मिळतात तसे गोल खिळे आहेत आणि एका ठिकाणी नट-बोल्टही आहे. सांधे काळ्या, कडक झालेल्या लुकणाने भरलेले आहेत. पुढच्या टोकाजवळ, एकाच बाजूच्या काठावर, बोट सहज बसेल एवढी खोल खाच पडलेली आहे. मागच्या आडव्या फळीच्या आतल्या अंगाला पटाशीने कोरलेला ७ हा आकडा असून त्याच्याखाली ३० असे कोरले आहे.

गावात हिला ‘साहेबाची नाव’ म्हणतात. इंग्रजांनी राजमहेंद्रीपासून प्राणहितेपर्यंत बोटी चालवल्या होत्या आणि ही त्यांपैकीच मागे राहिलेली एक, असे अनेकजण ठामपणे सांगतात. दुसरे मत असे की स्वातंत्र्यानंतर घाटाचा ठेका घेणाऱ्या कोणीतरी ती बांधून घेतली. ज्यांनी ती शेवटी चालवली ते ढीवर समाजातील वयोवृद्ध बाबा म्हणतात की त्यांचे वडील आणि आजोबा हीच नाव चालवत असत.

घाई होण्याचे कारण असे की ग्रामपंचायतीच्या मनात तिला ऑइलपेंट देऊन कार्यालयासमोर ओट्यावर ठेवण्याचे आहे, आणि एका रिसॉर्टच्या मालकाने ती जेवणाच्या टेबलासाठी विकत मागितली आहे. यांपैकी काहीही होण्याआधी तिचे वय कसे ठरवावे, इंग्रजी काळाशी तिचा संबंध जोडता येईल का, आणि अशा नावेचे कागद कुठे सापडू शकतील, याविषयी जाणकारांनी सांगावे.


प्रतिसाद : सिरोंचाकर

‘साहेबाच्या बोटी’ ही निव्वळ दंतकथा नाही, म्हणून आधी तो भाग मांडतो.

आर्थर कॉटन यांनी धवळेश्वरम येथे गोदावरीवर बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला. त्यानंतर समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांच्या वाटेने थेट वऱ्हाड-नागपूरच्या कापूस मुलखापर्यंत जलमार्ग काढण्याची योजना त्यांनी पुढे रेटली. हिंगणघाटचा कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून मुंबईकडे जात असे. वाटेत तो भिजे, मळे आणि वाहतुकीच्या खर्चाने महाग होई. तोच कापूस नदीने खाली जावा आणि परतीच्या बोटींतून किनाऱ्याचे मीठ वर यावे, असा हिशेब होता. १८६० मध्ये निजामाशी जो तह झाला त्यात गोदावरीच्या डाव्या काठाचा मुलूख इंग्रजांनी घेतला आणि नदीवरच्या वाहतुकीला जकात लागणार नाही हे कलमही घालून घेतले. सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे झाले ते याच काळात. तिथले डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांच्या नावाचे ग्लासफर्डपेठा हे गाव आमच्या तालुक्यात आजही आहे.

नदीची अडचण अशी होती की तिच्या पात्रात खडकांचे तीन मोठे अडथळे आहेत: पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इचमपल्लीला, आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. हे देवलमरी तुमच्याच तालुक्यातले, त्यामुळे तुमच्या गावात ही आठवण टिकून असणे स्वाभाविक आहे. या अडथळ्यांना वळसा घालणारे कालवे आणि बोटी चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे बांधण्याचे काम कॅप्टन हेग यांच्याकडे होते आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा योजनेला जोरदार पाठिंबा होता. पावसाळ्यात नदी भरली की खालच्या टप्प्यांत वाफेच्या बोटीही चालल्या. पण वर्षातले काही महिनेच पुरेसे पाणी, खडक फोडण्याचा वाढत गेलेला खर्च, आणि जंगलातल्या तापाने व पटकीने मजुरांची झालेली दैना यांनी काम रेंगाळले. तेवढ्यात १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. ज्या कापसासाठी हा खटाटोप होता त्याला रेल्वे मिळाल्यावर नदीत पैसा ओतण्याचे प्रयोजन उरले नाही, आणि १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली.

आता तुमच्या नावेकडे येऊ. ही योजना मालवाहतुकीची होती. तिच्या बोटी लांब पल्ल्याच्या, मोठ्या आणि खोल पोटाच्या. बावीस हातांची सपाट तळाची नाव घेऊन कोणी मिठाची पोती राजमहेंद्रीहून आणणार नाही. सपाट तळ, लहान लांबी, बेताची रुंदी ही सगळी लक्षणे या काठावरून त्या काठावर जाणाऱ्या नावेची आहेत. शिवाय १८७१ पूर्वीचे लाकूड प्राणहितेच्या पुरांत आणि उन्हाळ्यात दीडशे वर्षे टिकून आजही फळीच्या रूपात उभे राहील, हे सागाच्या बाबतीतही मला पटत नाही. ‘साहेबाची’ हे विशेषण तिला दुसऱ्या कारणाने लागले असावे असा माझा अंदाज आहे, पण घाटाच्या कायद्याचा अभ्यास असलेल्यांनी त्यावर लिहिणे अधिक योग्य.


प्रतिसाद : लाकूडकाम, देसाईगंज

माझ्या घरी दोन पिढ्या सुतारकामाच्या आहेत आणि वैनगंगेवरच्या नावांची दुरुस्ती आमच्याकडे येत असे, म्हणून लाकडाच्या अंगाने लिहितो.

पहिली गोष्ट ही की उतारूंच्या नावेला एकच एक वय नसते. तळाची फळी वाळूवर आणि गोट्यांवर रोज घासते, त्यामुळे ती सर्वांत आधी झिजते; वरच्या काठाची फळी उन्हाने तडकते आणि माणसांच्या चढ-उताराने फुटते. जी फळी गेली ती काढून दुसरी बसवायची, सांधे पुन्हा भरायचे आणि पावसाळ्याआधी नाव पाण्यात लोटायची, असे दरसाल चाले. त्यामुळे बाबा ‘आजोबांचीच नाव’ म्हणतात ते खोटे ठरवण्याचे कारण नाही, आणि ती शंभर वर्षांची आहे असे धरून चालण्याचेही कारण नाही. तुम्हाला प्रत्येक भागाचे वय वेगळे काढावे लागेल, आणि सर्वांत जुना भाग कोणता ते ओळखावे लागेल.

त्यासाठी खिळ्यांपासून सुरुवात करा. चौकोनी अंगाचा खिळा लोहाराने भट्टीवर घडवलेला असतो. त्याचे प्रत्येक डोके थोडे वेगळे असते आणि अंग टोकाकडे निमुळते होत जाते. गोल तारेचा खिळा कारखान्याचा. म्हणजे तळ जुना आणि वरच्या फळ्या नंतरच्या, हा अंदाज तुमच्याच वर्णनातून निघतो. परंतु इथे सावध राहावे. आमच्या भागात गावचा लोहार नावेसाठी चौकोनी खिळे स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे घडवत होता, कारण ओल्या लाकडात तो खिळा अधिक घट्ट धरतो. त्यामुळे चौकोनी खिळा दिसला म्हणून नाव इंग्रजी अमदानीतली असे म्हणता येत नाही. गोल खिळा आणि बोल्ट दिसले तर तो भाग मात्र खात्रीने अलीकडचा.

दुसरी खूण करवतीची. नाव पालथी आहे तेव्हा आतून, जिथे पाय पडत नाहीत अशा कोपऱ्यांत, म्हणजे आडव्या फळ्यांच्या खाली आणि बरगड्यांच्या मागे, तिरपा उजेड टाकून पाहा. दोन माणसांनी ओंडका मांडणीवर चढवून, एकाने वर आणि एकाने खाली उभे राहून फळी कापली असेल तर करवतीच्या रेघा सरळ पण असमान अंतराच्या आणि मधूनच कल बदललेल्या दिसतात. आरामशीनच्या चक्राने कापलेल्या फळीवर त्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या आणि एकसारख्या अंतराच्या असतात. तासणीने फळी तासली असेल तर उथळ, खवल्यांसारखे उतरते ठसे दिसतील. हे ठसे अलापल्लीच्या जंगलातून थेट आलेल्या लाकडाच्या नावांवर मी पाहिले आहेत. तिथला ओंडका नदीकाठीच तासून घेत.

तिसरी खूण सांध्यांच्या लुकणाची. सांध्यात अंबाडीचा किंवा सणाचा काथ्या ठोकून वरून राळ आणि तेल शिजवून ओतण्याची पद्धत जुनी. डांबर नंतर आले आणि स्वस्त असल्याने त्याने राळेला हटवले. सांध्याच्या अगदी आतला, खिळ्याच्या बुडाशी अडकलेला तुकडा काढा. काडेपेटीच्या काडीने तापवल्यावर राळेला धुपासारखा वास येतो आणि डांबराचा वास तर कोणालाही ओळखू येतो. वरचा थर डांबराचा आणि आतला राळेचा निघाला, तर तो सांधा दोन पिढ्यांनी भरलेला आहे.

सागाला दरवर्षी एक वलय पडते आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तसेच लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत सागाच्या वलयांवर काम झालेले आहे, त्यामुळे कोणीतरी तुम्हाला वलये मोजून घेण्याचा सल्ला देईलच. सल्ला वाईट नाही. फक्त फळीवर सालीलगतचा पांढरा भाग शिल्लक असेल तरच झाड कधी तोडले ते कळते. तो भाग किडीला लवकर बळी पडतो म्हणून आमचे वाढई तो काढून टाकत, आणि तसे असेल तर वलयांवरून फक्त ‘या सालानंतर’ एवढेच हाती लागेल.

बिजाच्या फळ्यांविषयी थोडे. बिजा पाण्यात चांगला टिकतो, पण जड असतो आणि एका अंगाला लावला की नाव त्या बाजूला कलते; हौसेने कोणी तसे करणार नाही. साग मिळत नसताना, म्हणजे घाईच्या दुरुस्तीत किंवा वनखात्याचा परवाना अडलेला असताना, त्या लावलेल्या असाव्यात. त्या बाजूला आतून जड वस्तू ठेवण्याची जागा किंवा दगड बांधण्याच्या खुणा आहेत का, ते पाहून कळवा. मला त्याची उत्सुकता आहे.


प्रतिसाद : गोंडपिपरीहून

काठावरच्या खाचेविषयी एवढेच सांगतो की ती दोराची आहे. प्राणहिता असो की वैनगंगा, भर पाण्यात नाव सरळ पलीकडे जात नाही. उतारू बसायच्या आधी किंवा कधी कधी बसल्यावरही दोघे-तिघे काठाने चालत, दोर खांद्यावर घेऊन, नाव धारेच्या उलट बरीच वर ओढून नेत. मग नावाडी बांबूने तिला काठापासून लोटायचा, पुढचे टोक थोडे वर धरायचा आणि धार तिला तिरपी वाहवत नेमक्या समोरच्या घाटावर आणून सोडायची. घाट चुकला तर खालच्या वळणावर उतरून चिखलातून परत चालत यावे लागे आणि बायाबापड्यांच्या शिव्या नावाड्याला खाव्या लागत. तुमचा काठ डावा आहे, म्हणजे इकडून वर ओढताना दोर नेहमी नावेच्या एकाच अंगाला येणार. खाच कोणत्या बाजूला आहे हे पाहिलेत तर नाव बहुतेक तुमच्याच काठाला मुक्कामाला असे की पलीकडच्या, हेही कळेल.

बैलगाडी न्यायची असेल तेव्हा दोन नावा शेजारी बांधून वर बांबूचा ताटवा टाकत आणि बैल पोहत न्यायचे. तुमच्या नावेच्या दोन्ही टोकांजवळ आडव्या बांबूच्या घासण्याच्या खुणा असतील तर ती जोडीने चालली आहे.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. जुन्या नावेचे कौतुक करताना हा प्रवास जीवघेणा होता आणि काही गावांसाठी आजही आहे, हे लिहून ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहाजणी गेल्या. रोजीसाठी नदी ओलांडणाऱ्या माणसांकरिताच या नावा होत्या. मार्कंड्याच्या जत्रेला जाणारे भाविक वर्षातून एकदा बसत, मजूर मात्र रोज.


प्रतिसाद : जुने दप्तर, नागपूर

मी कोरलेल्या आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण या सर्व वर्णनात कागदांशी जोडता येणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

मध्य प्रांतात घाटांचा कारभार १८७८ च्या नॉर्दर्न इंडिया फेरीज अॅक्टखाली चाले. सरकारने एखादा घाट सार्वजनिक म्हणून जाहीर केला की तिथल्या उतराईचा, म्हणजे नदी ओलांडण्याच्या शुल्काचा, हक्क सरकारचा होई आणि तो हक्क साधारणपणे जाहीर लिलावाने, पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, ठेक्याने दिला जाई. अशा घाटापासून दोन मैलांच्या आत परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला नाव लावता येत नसे. घाटावर किती नावा असाव्यात, त्यांचे आकारमान काय असावे, एका खेपेत किती माणसे व जनावरे घ्यावीत, याचे नियम करण्याचा अधिकारही याच कायद्याने दिला होता. उतराईच्या दराचा तक्ता लोकांच्या भाषेत लिहून घाटावर ठळकपणे लावणे ठेकेदारावर बंधनकारक होते. तुमच्या नावेवरील ७ हा नावेचा क्रमांक आणि ३० ही एका खेपेतील उतारूंची मर्यादा असावी, असे मला वाटते. बावीस हातांच्या नावेत तीस माणसे दाटीवाटीने का होईना बसतात. हा अंदाज बरोबर असेल तर ही नाव एखाद्या कुटुंबाची खासगी नाव नव्हती. ती सरकारी देखरेखीखालच्या घाटावरची, तपासणी झालेली नाव होती, आणि ‘साहेबाची’ हे विशेषण तपासायला येणाऱ्या अंमलदाराकडूनच चिकटले असणे अधिक संभवते.

तुमच्या बाबतीत दोन गुंतागुंती आहेत. एक तर अहेरी ही जमीनदारी होती आणि ती ३१ मार्च १९५१ पासून, मालकी हक्क रद्द करणाऱ्या कायद्याने, संपली. त्यामुळे घाटाची उतराई सरकार घेत होते की जमीनदारी, हे त्या-त्या काळाचे कागद पाहूनच ठरेल. दुसरे म्हणजे समोरचा काठ १९४८ पर्यंत निजामाच्या राज्याचा होता, नंतर हैदराबाद राज्याचा, १९५६ पासून आंध्र प्रदेशाचा आणि २०१४ पासून तेलंगणाचा. एकाच घाटाला दोन सरकारे, दोन ठेकेदार आणि दोन चलने. इकडे कलदार रुपया आणि तिकडे हाली सिक्का. एखाद्या जुन्या वहीत उतराईचे दोन वेगवेगळे आकडे एका ओळीत दिसले तर ती लेखनिकाची चूक समजू नका.

शोधायचे कुठे, तर अहेरीचा भाग आधी सिरोंचा तहसिलीत आणि पुढे चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात होता; गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. याचा व्यवहारी अर्थ असा की १९८२ पूर्वीचे घाट-लिलावाचे कागद गडचिरोलीला नसून चंद्रपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असण्याचा संभव अधिक. अर्ज करताना ‘नावेचा इतिहास’ असे लिहू नका, कारण त्या नावाची फाइल कुठेच नसते. ‘अमुक घाटाच्या लिलावाची व ठेक्याची कागदपत्रे’ असे लिहा आणि घाटाचे नाव नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांसह द्या. पंचायती राज आल्यानंतरच्या काळासाठी जिल्हा परिषदेची उत्पन्नाची रजिस्टरे पाहावीत. नागपूरच्या पुराभिलेखागारात मध्य प्रांत सरकारचे दप्तर आहे. तिथे अप्पर गोदावरी जिल्ह्याचा पत्रव्यवहार मिळतो, पण तो मुख्यतः सिरोंचाकरांनी सांगितलेल्या जलमार्गाविषयी असतो. एका घाटावरच्या एका नावेसाठी तिथून सुरुवात करणे म्हणजे वेळ घालवणे होय. चांदा जिल्ह्याचे १९०९ चे गॅझेटियर चाळायला हरकत नाही, त्यातून त्या काळचे रस्ते कोणत्या ठिकाणी नदी ओलांडत हे समजते.

कागदांआधी बाबांशी बसा. त्यांना ‘नाव किती जुनी’ असे विचारले तर आजोबा आठवतील. त्याऐवजी ठेका कोणाकडे होता, उतराई पैशात होती की धानात, कापणीनंतर घरटी किती पायल्या मिळत, पोस्टाच्या माणसाकडून आणि गावच्या कोतवालाकडून पैसे घेत का, आणि पलीकडच्या ठेकेदाराशी भांडण कधी झाले, हे विचारा. भांडण झाले असेल तर त्याची तक्रार झाली असणार, आणि तक्रारीवर तारीख असते.


प्रश्नकर्त्याचे उत्तर : प्राणहिताकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे गावातल्या दोघा तरुणांना घेऊन नाव नीट पाहिली. खाच उजव्या अंगाला आहे, म्हणजे टोक धारेच्या वरच्या दिशेला केल्यावर आमच्या काठाच्या बाजूला येते. तळाच्या तीन फळ्यांवर आणि दोन बरगड्यांवर तासणीचे ठसे स्पष्ट आहेत. बाकी जवळजवळ सर्व फळ्यांवर कमानीच्या रेघा आहेत. कोरलेले आकडे ज्या आडव्या फळीवर आहेत त्या फळीवरही कमानीच्याच रेघा दिसतात, आणि तिला गोल खिळे आहेत. बिजाच्या फळ्यांसमोर, उजव्या बाजूला आतून, दोन लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत.

ठेक्याविषयी विचारल्यावर बाबांनी बरेच सांगितले. घाटाजवळच्या गावांकडून वर्षाचे धान मिळे आणि परगावच्या माणसाकडून रोख पैसे घेत. पलीकडच्या आठवडी बाजाराच्या दिवशी नाव पहाटेपासून चाले. त्यांच्या लहानपणी पलीकडच्या नावाड्यांनी इकडचे उतारू परस्पर नेल्यावरून मोठी मारामारी झाली होती आणि सिरोंच्याहून पोलीस आले होते. साल त्यांना आठवत नाही, पण तेव्हा पलीकडे ‘निजामाचे पोलीस’ होते असे ते म्हणाले. कड्यांना वाळूचे पोते बांधत, हेही त्यांनीच सांगितले.


प्रतिसाद : लाकूडकाम, देसाईगंज

म्हणजे बिजाचा कल वाळूच्या पोत्याने काढला होता! मनापासून आनंद झाला.

तुमच्या निरीक्षणावरून इतके म्हणता येईल की तासलेल्या तीन फळ्या आणि दोन बरगड्या ही सर्वांत जुनी नाव आहे, आणि तिच्यावर नंतरच्या हातांनी दुसरी नाव चढवली आहे. क्रमांकाची फळी या दुसऱ्या नावेची, म्हणून क्रमांकावरून जुन्या भागाचे वय काढू नका. प्रत्येक फळीला खडूने क्रमांक द्या, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या आणि कागदावर आराखडा काढून त्यात साग, बिजा, चौकोनी खिळा, गोल खिळा, राळ, डांबर अशा वेगवेगळ्या खुणा करा. हे काम विनाखर्चाचे आहे आणि नाव हलवण्याआधीच करायला हवे, कारण उचलताना सैल सांधे सुटतात.


प्रतिसाद : जुने दप्तर, नागपूर

‘निजामाचे पोलीस’ या दोन शब्दांनी तुमची मारामारी सप्टेंबर १९४८ च्या आधीची ठरते, आणि ती सीमेवरची असल्याने तिचा पत्रव्यवहार वरपर्यंत गेला असण्याची शक्यता आहे. चंद्रपूरच्या अर्जात घाटाच्या ठेक्याबरोबर ‘उतारू नेण्यावरून सीमेवरील तंटा’ हेही शब्द घाला. बाबांचे वय माहीत असेल तर ‘लहानपणी’ म्हणजे साधारण कोणती पाच-सात वर्षे ते ठरवून तेवढ्याच सालांची कागदपत्रे मागा. सगळ्या काळाची मागितलीत तर कार्यालय हात वर करील.

जतनाविषयी दोन शब्द. ऑइलपेंट अजिबात देऊ नये. लाकडातली ओल आत कोंडते आणि वरून चकचकीत दिसणारी नाव आतून कुजते, शिवाय तुम्ही आत्ता ज्या ठशांवरून वाचन केलेत ते ठसे रंगाखाली कायमचे जातात. ओट्यावर सिमेंटमध्ये बसवू नये. दगडी ठोकळ्यांवर, जमिनीपासून दीड-दोन फूट वर, कौलारू छपराखाली आणि चारही बाजूंनी वारा खेळेल अशी ठेवावी, म्हणजे उधळी (वाळवी) चढताना दिसते. आपल्याकडे मिळणारे कच्चे जवसाचे तेल, पातळ हाताने, तेही लाकूड पूर्ण वाळल्यावरच लावावे. गंजलेले खिळे उपटून नवे ठोकण्याचा मोह टाळावा.

रिसॉर्टच्या मागणीबाबत ग्रामसभेत एक मुद्दा मांडता येईल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि तासलेल्या फळ्यांचे वय ठरेपर्यंत विक्रीचा ठराव करणे अडचणीचे होईल. ठरावात ‘वय निश्चित होईपर्यंत नाव ग्रामपंचायतीच्या ताब्यात राहील’ एवढे वाक्य आले तरी पुरे. त्याची प्रत नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाकडे, म्हणजे आपल्या अजब बंगल्याकडे, फोटोंसह पाठवा आणि पाहणीसाठी माणूस मागा. पुरात घाटाची ती बाजू पाण्याखाली जाते का? ऑगस्ट २०२० च्या पुरात पाणी चिंचेपर्यंत आले असेल तर पाहणीची वाट न पाहता, आराखडा झाला की मृगापूर्वी नाव वर हलवून घ्या.